एका अंगानं वाढलेली खरबुजं

माय, माझ्या हातानं केलेल्या वस्तू आधी सांगतो, कारण तू गेलीस तेव्हा दाखवावी अशी एकही वस्तू माझ्याकडं नव्हती. दहा गुंठ्यांच्या जाळीचा सांगाडा. पाइप विकतचे, पण वाकवले मी, लिंबाच्या दोन खुंटांत अडकवून; प्रत्येक कमान आधीच्या कमानीवर ठेवून पाहिली आणि बोटभर फरक निघाला तरी परत वाकवली. जाळीची बाजू वर गुंडाळायचं यंत्र, जुन्या सायकलचं पायडल आणि साखळी लावून. एका हातानं फिरवलं की चाळीस फूट जाळी सरळ वर जाते, मधे झोळ पडत नाही. ठिबकच्या पाण्यात खत ओढून घेणारी नळी, तीही घरीच जोडलेली, दुकानातल्या नळीपेक्षा बरी चालते. फळं टांगायला सुतळीच्या झोळ्या. फुलावर चढवायच्या मलमलीच्या एकशे वीस पिशव्या, तुझ्या सुनेच्या मशीनवर मीच शिवल्या, कारण तिच्या हातची नाडी सैल बसते. तिला हे मी एकदाच बोलून दाखवलं. परत बोललो नाही.

कागदोपत्री याला हरितगृह म्हणतात. गावात सगळे जाळी म्हणतात, आणि आजूबाजूला सगळी हळद असल्यामुळे शिरड शहापूरच्या रस्त्यावरून जाणारा माणूस लांबूनच विचारतो, ते पांढरं काय आहे. आत खरबूज आहे. तू खरबूज पाहिलंस ते नदीच्या वाळूत पसरलेलं. माझं सुतळीवर उभं चढतं, माणसाच्या डोक्याच्या वर जातं, आणि एका वेलाला एकच फळ ठेवायचं, फार तर दोन. खालची आठ पानं सोडून पुढच्या चार पानांत जे फळ धरेल तेच चांगलं, त्याच्या खालचं चपटं होतं आणि वरचं लहान राहतं. म्हणजे एका वेलाला संधी मिळते ती चार-पाच फुलांची, आणि एक फूल उमलतं एकाच सकाळी. दहा-साडेदहाला ऊन तापलं की त्या फुलाचा दिवस संपला. हे तुला सांगायची गरज नाही. फुलाचा दिवस किती असतो हे आमच्या घरात सगळ्यात आधी तुलाच कळलं होतं.

तुझं काम मी लोकांना समजावून सांगतो तेव्हा नव्या पोरांना खरं वाटत नाही. कुरुंद्याच्या बाजूला कापसाच्या संकरित बियाण्याचा प्लॉट, चाळीस बाया. दुपारी तीननंतर, उद्या उमलणारी कळी हुडकायची, तिच्या पाकळ्या सोलायच्या आणि आतला परागाचा गोंडा उजव्या अंगठ्याच्या नखानं अलगद काढून टाकायचा. मधल्या दांडीला ओरखडा उठता कामा नये. दुसऱ्या दिवशी सकाळी नराच्या ओळीतलं फूल आणून त्या दांडीला घासायचं आणि देठाला धागा बांधायचा. क्रॉसिंग म्हणायच्या सगळ्या. त्यासाठी तू नऊ नखं काढायचीस आणि उजव्या अंगठ्याचं ठेवायचीस. संध्याकाळी चुलीपुढं बसलीस की भाकर थापताना तो अंगठा वर उचललेला असायचा, पिठाला नख लागू नये म्हणून. आमच्या घरच्या भाकरीवर चारच बोटं उमटत. मला वाटायचं सगळ्यांच्याच घरी तशी उमटतात.

दहावीला दुसऱ्यांदा बसून परत राहिलो त्या वर्षी मी तुझ्याबरोबर प्लॉटवर आलो. एकोणीस वर्षांचा होतो, मिसरूड फुटलेली, आणि चाळीस बायांत एकटा गडी. लवकर हात बसला माझा. चौथ्या-पाचव्या दिवशी मी तुझ्यापेक्षा पुढं जात होतो आणि मागं वळून बघत होतो की कुणी बघतं का. तू आलीस, मी केलेली दोन फुलं बोटांनी उघडून पाहिलीस, आणि माझं मनगट धरलंस.

"काहून खाज आल्यावानी घासून राहिला? फिरव. सगळ्या अंगाला लागलं पाहिजे. एका गालानं जेवलेलं लेकरू बघितलं का तू कुठं?"

शेजारच्या ओळीतली एक म्हातारी म्हणाली, "बराबर हाये, त्याचं लगीन व्हायचंय, त्याला काय म्हाईत." आणि चाळीस बाया हसल्या. मी हातातलं फूल तिथंच टाकलं आणि घरी आलो. आठ दिवस प्लॉटवर गेलो नाही. तू मला एक शब्द बोलली नाहीस, आणि त्याचा मला जास्त राग आला. माझं म्हणणं होतं की घासणं म्हणजे घासणं. पिवळं लागलं, झालं काम. त्यात फिरवायचं काय.

नवव्या दिवशी तू जवळा बाजारच्या बाजारातून आलीस आणि मिठा-मिरचीच्या पिशवीतून एक भिंग काढलंस. घड्याळ दुरुस्त करणारे डोळ्याला लावतात तसलं, काळ्या कडीचं, कडेला चिरलेलं. ते किती पैशांना मिळालं हे तू शेवटपर्यंत सांगितलं नाहीस. "हे घे. माझं नको ऐकू. सोताच्या डोळ्यानं बघ." एवढंच. आता कबूल करतो, त्या भिंगातून मी सगळं पाहिलं. मुंगी पाहिली, मिठाचा खडा पाहिला, साखर आणि मीठ दिसायला वेगळं असतं हे पाहून दिवसभर खूष होतो. लाल भुंगेऱ्याचे पाय पाहिले, माझ्याच अंगठ्याच्या रेघा पाहिल्या. फक्त कापसाचं फूल पाहिलं नाही. तू सांगितलंस म्हणून पाहिलं नाही. माझं सगळं शिक्षण त्या भिंगातून झालं असं मी लोकांना सांगतो. जे बघायला ते दिलं होतंस तेवढं सोडून झालं, हे सांगत नाही.

आता खरबुजाचं सांगतो. तीन वर्षांपूर्वी जाळी उभी राहिली तेव्हा मला कुणाला विचारायची गरज वाटली नाही. बारीक जाळी, आत माशी येत नाही, भुंगेरा येत नाही, आणि मधमाशीही येत नाही. तेव्हा फुलं हातानं फळवावी लागणार हे उघड होतं. त्यात मी भिणारा नव्हतो. हातानं फळवणं आमच्या घरचं काम. मी उजव्या अंगठ्याचं नख वाढवलं. संध्याकाळी जाळीत जायचो, उद्या उमलणाऱ्या मादी कळ्या हुडकायचो. बुडाशी बोराएवढं केसाळ फळ असतं, त्यावरून मादी ओळखायची. कळी सोलायची, आतले पिवळे दांडे नखानं काढायचे, पिशवी चढवायची, सकाळी नर फूल घासायचं, धागा बांधायचा. धाग्यांनी ओळीच्या ओळी रंगीत दिसायच्या. गावातली चार माणसं बघून गेली. तिसऱ्या दिवशी बोरं पिवळी पडायला लागली. चौथ्या दिवशी हात लावला की गळायची. शंभर फुलांतली बारा-तेरा राहिली असतील.

तुला एव्हाना कळलंच असेल. मला कळायला हंगाम गेला. खाण्याच्या खरबुजाला फुलातले स्वतःचे दांडे काढायचे कशाला? कापसाच्या प्लॉटवर ते काढतात, कारण तिथं दुसऱ्याच बापाचं बियाणं पाहिजे असतं. माझ्या खरबुजाला बाप कुणी का असेना, फळ सारखंच होणार होतं. मादी म्हणतात त्या फुलात नरही असतो, हे मी त्या हंगामाच्या शेवटी भिंगातून नीट पाहिलं. तोवर त्याला रोज नखानं काढून टाकत होतो आणि काढताना कोवळ्या फळाच्या नाकाला ओरखडे पाडत होतो. कापसाच्या कळीला तुझं नख सोसत होतं. खरबुजाच्या कळीला माझं सोसलं नाही. असली चूक दुसऱ्या तालुक्यातला शेतकरी करणार नाही. ती करायला माय क्रॉसिंगवर असावी लागते.

पण त्या वेळी मी दोष दिला खताला. बोरं पिवळी पडतात म्हणजे वेल उपाशी आहे, आणि पिवळं दिसलं की मूठभर युरिया, ही तुझीच रीत. आपल्या तेव्हाच्या अर्ध्या एकरात तू तेच करायचीस. "हिरवं झालं म्हंजे पोटात गेलं समज," म्हणायचीस. मी ठिबकातून युरिया सोडला. पानं ताटाएवढी झाली, काळी-हिरवी, हात लावला तर जाड. देखणी बाग. वेल वर वर पळत होता आणि मादी फुलं कमी होत चालली होती. नरच नर. जी मादी यायची ती पानांच्या आड दडायची. नंतर वाचलं, वेलाला नत्र भरपूर मिळालं की तो फळाचा विचार सोडतो आणि पानांचाच संसार करत बसतो. वाचलं म्हणजे मोबाईलवर, वसमतच्या दुकानातून आणलेल्या दोन पुस्तकांत आणि खतांच्या पिशव्यांच्या मागं. पिशवीच्या मागं जे बारीक छापतात ते खरं असतं. पुढचं चित्र बघून घ्यायचं नसतं.

दुसऱ्या वर्षी दांडे काढणं बंद केलं. नुसतं नर फूल आणून घासायचं. फळं धरली, माय. जवळपास प्रत्येक वेलाला एक. तुझ्या सुनेनं पहिल्यांदा जाळीत येऊन नुसतं बघितलं, काही टोमणा मारला नाही. पुढं फळं मोठी व्हायला लागली तसं दिसलं की ती वाकडी आहेत. सगळीच, आणि सगळी एकाच बाजूला, जशी कुणी एका अंगानं दाबून धरली असावीत. आधी वाटलं झोळी चुकीची बसते. झोळ्या फिरवून बांधल्या. मग वाटलं ऊन एका बाजूनं येतं. पण ओळीच्या अलीकडची आणि पलीकडचीही माझ्या हाताच्या मानानं त्याच अंगाला बारीक होती. एप्रिलात तोडली, चव पांचट, जणू काकडीत साखर घालायची राहून गेली. गोडी मोजायच्या नळीत आकडा आठाच्या पुढं जाईना. व्यापाऱ्यानं हातात घेऊन फिरवलं आणि म्हणाला, "ह्याला टेबलावर ठेवलं तर लोळून पडंल." वाकड्या फळाचा भाव त्यानं वेगळा लावला.

त्या दिवशी स्वयंपाकघरात बसून मी वीस फळं कापली. तुझी सून बघत राहिली. मी फळ उभं कापायचो, बिया काढून परातीत दोन ढीग करायचो: फुगलेल्या अंगाच्या आणि बारीक अंगाच्या. फुगलेल्या अंगाच्या बिया भरलेल्या, नखाला टणक. बारीक अंगाच्या पोचट, कागदासारख्या, दाबल्या की चेपून जायच्या. एक-दोन फळांत नाही, विसाच्या विसात. मग भिंग आणलं. बाहेर अजून काही उशिराची फुलं होती, त्यातलं एक तोडून उंबऱ्यावर बसलो. मधली दांडी जी मी एकच समजत होतो तिच्या टोकाला तीन वेगळे भाग असतात, तीन ओठांसारखे. एकेका ओठाला लागलेला पराग खालच्या आपापल्या बाजूच्या बियांपर्यंत जातो. मी उजव्या हाताचा माणूस. रोज सकाळी उजव्या अंगानं घासत आलो. डाव्या अंगाच्या बिया कोऱ्याच राहिल्या, आणि जिथं बी भरत नाही तिथं गर वाढत नाही.

उंबऱ्यावर बसलो असताना मनगट धरल्यासारखं वाटलं, खोटं नाही सांगत. एका गालानं जेवलेलं लेकरू.

तुझी सून पोचट बिया बोटानं सरकवत होती. म्हणाली, "सापडलं काही?" मी म्हणालो, "सापडलं. चूक हाताची हाये." ती म्हणाली, "मला वाटलं जाळीची म्हणसाल." मग परात बाजूला सारून तिनं सांगून टाकलं, "दोन वर्सं तुमचा हात बघितला. अजून एक वर्स बघा. न्हाई जमलं तर जाळी बियाणंवाल्यांना भाड्यानं देऊन टाकू. त्यो पांढरा हत्ती मी जन्मभर नाही पोसणार." तिचं म्हणणं चूक नव्हतं. दोन एकर कोरडवाहू सोयाबीन आणि ही जाळी, एवढ्यावर घर चालतं, आणि जाळीनं दोन वर्षं काही दिलं नव्हतं. म्हणजे हा हंगाम शेवटचा होता. जमलं तर जाळी माझी, नाही जमलं तर सांगाडा माझा आणि आतलं सगळं दुसऱ्याचं.

शेवटचा हंगाम म्हटल्यावर दुसऱ्या माणसानं जे खात्रीचं तेच सगळीकडं केलं असतं. मी आठ ओळींचे चार वाटे केले. तुला हसू येईल, पण मला खरंच बघायचं होतं. चार ओळींना पूर्वीसारखाच युरिया. चार ओळींना पहिली मादी कळी दिसली की नत्र जवळजवळ बंद, त्याऐवजी कॅल्शियम आणि चिमूटभर बोरॉन, आणि फळ अक्रोडाएवढं झालं की पालाश. दोन्ही गटांत दोन-दोन ओळी हातानं फळवायच्या, तू सांगितलंस तसं फिरवून. आणि दोन-दोन ओळी मधमाशीवर सोडायच्या. हाताच्या फुलांना पिशव्या, म्हणजे माशी शिरायची नाही. आणि पाच फुलं अशी ठेवली की पिशवीत बंद, हातही नाही आणि माशीही नाही. फुलात नर आणि मादी दोन्ही असताना त्याचं त्याला जमतं का, हे कुणी मला नीट सांगितलं नव्हतं. जमत नाही. पाचही चौथ्या दिवशी गळाली. पराग चिकट आणि जड, वाऱ्यानं हलत नाही. एका बोटाच्या अंतरावरची मादी त्याला परगावासारखी.

मधमाशी कुठून आणायची हा प्रश्न होता. आपल्या विहाराच्या मागं लिंबावर फुलोरीचं मोहोळ बसतं, ती बारीक माशी, शांत, गावातली पोरं खालून जातात-येतात तरी चावत नाही. तसंच एक नाल्याच्या बाभळीवर होतं. मी ते फांदीसकट अलगद कापून जाळीत आणून बांधलं, सावलीत, पाण्याची वाटी ठेवून. पहिल्या दिवशी माश्या छताला जाऊन बसल्या. दुसऱ्या दिवशीही छतालाच, उन्हाच्या अंगाला, जाळीवर डोकं आपटत. खाली दोनशे फुलं उमललेली, तिकडं एकही फिरकेना. तिसऱ्या दिवशी खाली काही मरून पडल्या होत्या आणि बाकीच्या दाराच्या फटीतून निघून गेल्या होत्या. पोळं रिकामं. मी ते हातात घेऊन उभा होतो. तुझी सून चहा घेऊन आली.

"बाभळीवर काय तकलीफ व्हती त्यांना?"

"इथं फुलं हायेत म्हणून आणलं."

"अवो, फुलं हायेत ते त्यांना दिसतं. घराला कुलूप लावून पाहुण्याला जेवायला बोलावून राहिलात तुमी. दार उघडा की."

मी म्हणालो, भुंगेरा येईल, फळमाशी येईल. ती म्हणाली, "मग उभं ऱ्हावा दारात. तसंही दिवसभर उभंच असता." त्यात राग येण्यासारखं काही नव्हतं, तरी मला तासभर राग आला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पायडल फिरवलं आणि पूर्वेची जाळी वर घेतली. दहाला खाली. मधल्या तीन तासांत मी ओळीच्या तोंडाशी उभा राहून भुंगेरे हातानं वेचायचो, रॉकेलच्या डब्यात टाकायचो. बांधाला धने फुलले होते, ते मी फुलू दिले होते, कोथिंबीर म्हणून काढले नव्हते. पहिल्या दिवशी आत माश्या आल्या सात. मोजल्या. तिसऱ्या दिवशी मोजता आल्या नाहीत.

मग मी जे पाहिलं ते तुला दाखवायला हवं होतं. माशी फुलात तोंड घालते रसासाठी, तिला फळाशी काही घेणं नाही. पण रस दांडीच्या बुडाशी गोल असतो, म्हणून तिला दांडीभोवती फिरावंच लागतं. पूर्ण एक चक्कर. अंगाला लागलेला पराग तिन्ही ओठांना घासला जातो. ती जाते, दुसरी येते, तीही फिरते. एका फुलासमोर स्टूल टाकून बसलो, एका सकाळी चौदा वेळा माशी बसली. मी एकदाच फिरवतो. तू एकदाच फिरवायचीस, पण दिवसाला किती फुलं करायचीस याचा हिशेब लावायचा प्रयत्न केला तर माझीच पाठ दुखायला लागली. एक गोष्ट अजून कळलेली नाही. युरियाच्या ओळींत माश्या कमी जात होत्या. ओळ तीच, उजेड तोच, अंतर तेच. पानांच्या गर्दीत फूल दिसत नाही म्हणून, का रसातच काही फरक पडतो? मी त्या ओळींतली पानं कातरून फुलं उघडी केली. थोड्या वाढल्या, पण तेवढ्या नाहीत. रस जिभेला लावून पाहिला, माझ्या जिभेला फरक कळत नाही. माशीला विचारता येत नाही. पुढच्या हंगामात कमी नत्राच्या ओळींना मुद्दाम सावली करून बघायची, म्हणजे पान का रस हे वेगळं होईल.

एप्रिलात फळं तोडली. देठाशी बारीक भेग पडली की खरबूज आपण होऊन हातात येतं, ओढायचं नसतं. युरियाच्या ओळींत फळं कमी आणि फिकी. माशीची असोत का हाताची, गोडी आठ-नऊ. नत्र बंद केलेल्या ओळींत माशीची फळं गोल, जाळीदार सालीची, गोडी तेरा. आणि त्याच खताची हाताची फळं, फिरवून केलेली, तीही गोल, तीही तेरा. मी परत परात घेऊन बसलो. बिया दोन्ही अंगांना भरलेल्या. माशीच्या फळांत आणि आपल्या फळांत मला फरक काढता आला नाही, माय, आणि मी फरक काढणारा माणूस आहे. म्हणजे तुझा हात माशीएवढाच बराबर होता. कमी होता तो माझा. आणि युरियाबाबत तू चुकलीस, हेही लिहून ठेवतो, कारण नुसतं गोड लिहिलेलं तुला आवडलं नसतं. वेल हिरवा झाला म्हणजे पोटात गेलं, असं नाही. फुलाच्या वेळेला त्याला थोडं उपाशी ठेवावं लागतं.

व्यापाऱ्यानं फळ टेबलावर ठेवून पाहिलं. पडलं नाही. तुझ्या सुनेनं एक कापून विहारात नेलं आणि रिकामी परात घेऊन आली. म्हणाली, "ऱ्हाऊ द्या तुमची जाळी." जाळीचा निकाल तिथंच लागला असं मला वाटलं होतं.

पंधरा दिवसांनी बियाणे कंपनीचा माणूस आला. ती त्या दिवशी माहेरी सेनगावला गेली होती. त्याला कुणीतरी हाताच्या फळांचं सांगितलं होतं. ओळींतून फिरला, देठांचे धागे बघितले, मी राखून ठेवलेल्या बिया हातावर घेऊन नखानं दाबल्या. "काका, हा हात कुठं शिकलात?" मी म्हणालो, माय प्लॉटवर होती. त्याला खरबुजाच्या बियाण्याचा प्लॉट करायचा आहे, ह्याच जाळीत. बाया तो आणणार, खत-पाणी त्याचं, मी नुसतं उभं राहून हात शिकवायचे आणि तपासायचे. "एकच अट. ह्या बाजू कायम बंद. एक माशी आत गेली तर अख्खा लॉट बाद." मी पायडलाकडं बघितलं. त्याला म्हणालो, विचार करून सांगतो. तो फाटकापर्यंत गेला नव्हता तोवर हाक मारून 'नाही जमणार' म्हणून सांगितलं.

हे मी खताच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहितोय आणि ते तिथंच राहील. पुढच्या हंगामात वही भरली की कपाटावर जाईल. तुझी सून ती वही उघडत नाही, तिला माझं अक्षर लागत नाही. संध्याकाळी माहेराहून आली तेव्हा तिनं विचारलं, "काय म्हणत व्हता त्यो?" मी म्हणालो, "रेट जमला न्हाई." ती म्हणाली, "मग बरं झालं." गावातही मी तेच सांगितलं. रेट कमी नव्हता. मला सावली करून बघायची होती, पान का रस, एवढंच. वर्षाला दोन लाख दहा हजार म्हणत होता, तीन वर्षं.